बेडूक गोठतो, कोबी फुगतो, सूर्य मावळत नाही: चला अलास्काला!

अलास्काची सहल ठरली की आधी नकाशा उघडला जातो, आणि पहिली फसगत तिथेच होते. अमेरिकेच्या बहुतेक नकाशांत हे राज्य डावीकडे खालच्या कोपऱ्यात, एका चौकटीत आक्रसून बसवलेलं असतं. खरं क्षेत्रफळ आहे १७ लाख चौरस किलोमीटरांहून जास्त. आपला महाराष्ट्र त्यात साडेपाच वेळा मावेल! आणि एवढ्या मुलखात माणसं किती? २०२० च्या जनगणनेत ७ लाख ३३ हजार. एकट्या सोलापूर शहरात याहून जास्त लोक राहतात. त्यातही दर दहांतले चार जण अँकरेज शहरात. बाकी सगळं अस्वलांचं, मूस हरणांचं, हिमनद्यांचं आणि डासांचं.

म्हणून खरेदीच्याही आधी एक काम करा. ‘बघायच्या जागा’ म्हणून जी यादी केली असेल, ती निम्मी करून टाका. नऊ-दहा दिवसांत अख्खा अलास्का पाहायला निघालेला माणूस विमानतळ आणि बसच्या खिडक्या पाहून परततो. एक किनारा निवडा, एक डोंगर निवडा, आणि मध्ये दोन दिवस अगदी कोरे ठेवा. ते कशाला, हे पुढे कळेलच.

एकरी दोन सेंट!

१८६७ साली रशियाने हा प्रदेश अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकला. हिशेब केला तर एकराला दोन सेंटच्या आसपास. व्यवहार घडवून आणणारे परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड यांची तेव्हा भरपूर टिंगल झाली. बर्फाची पेटी विकत घेतली म्हणून लोक हसले. पुढे सोनं निघालं, तांबं निघालं, तेल निघालं, आणि टिंगल थांबली.

या हस्तांतराची एक गंमत मात्र फार कमी जणांना माहीत असते. रशियाची दिनदर्शिका वेगळी होती, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषाही त्याच वेळी अलास्काच्या पलीकडे सरकवली गेली. परिणामी तिथे ६ ऑक्टोबरच्या शुक्रवारनंतर थेट १८ ऑक्टोबर उजाडला, आणि तो वारही शुक्रवारच! लागोपाठ दोन शुक्रवार.

वाररेषेचा खेळ आजही संपलेला नाही. बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन बेटं आहेत. मोठं डायोमीड रशियाचं, धाकटं डायोमीड अमेरिकेचं. मध्ये पाणी जेमतेम चार किलोमीटर, आणि घड्याळात फरक जवळजवळ एका दिवसाचा. धाकट्या बेटावरून समोर पाहिलं की उद्याचा दिवस दिसतो.

आणि राज्याचा ध्वज? गडद निळ्या रंगावर आपले सप्तर्षी आणि ध्रुवतारा. १९२७ मध्ये झालेल्या स्पर्धेत हे चित्र काढलं होतं सातवीत शिकणाऱ्या, अनाथाश्रमात वाढणाऱ्या बेनी बेन्सन या मुलाने. बक्षीस म्हणून त्याला एक हजार डॉलरची शिष्यवृत्ती आणि घड्याळ मिळालं. अलास्का पूर्ण राज्य झालं ते १९५९ मध्ये, पण ध्वज आजही त्या मुलाचाच आहे.

राजधानीला रस्ताच नाही

जुनो ही अलास्काची राजधानी. मोटारीने तिथे पोहोचता येत नाही, कारण बाहेरून एकही रस्ता गावात येत नाही. एका बाजूला डोंगर आणि बर्फाचं पठार, दुसऱ्या बाजूला समुद्र. आमदार असो की पर्यटक, विमान नाहीतर बोट. राज्यातल्या बहुसंख्य वस्त्यांची हीच स्थिती आहे. त्यामुळे इथे छोटी विमानं रिक्षांसारखी वापरतात. अँकरेजचं लेक हूड हे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं जगातलं सर्वांत गजबजलेलं ठाणं. काठावर तासभर उभं राहिलात तरी करमणूक होईल, आणि तिकीट शून्य. अशा विमानात बसायचं असेल तर वैमानिक तुमचं वजन विचारणार. लाजून चार किलो कमी सांगू नका. त्या आकड्यावरच कोणाला कुठे बसवायचं आणि सामान किती घ्यायचं हे ठरतं.

बोटीची मजा आणखी वेगळी. राज्य सरकारची फेरीसेवा १९६३ पासून चालू आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमपासून थेट अल्यूशियन बेटांपर्यंत तिचे मार्ग जातात. खोली परवडत नसेल तर लोक डेकवर चक्क तंबू ठोकतात. खुंट्या कशात मारणार? मग तंबू चिकटपट्टीने डेकला चिकटवायचा. रात्री वाऱ्याने तो फडफडतो, सकाळी बाजूने देवमासा जातो. मोठ्या क्रूझपेक्षा मला हा प्रवास केव्हाही जास्त आवडेल, कारण त्यात गावोगावची माणसं, त्यांची पोरं आणि कुत्रीही सोबत असतात.

आता क्रूझचं म्हणाल, तर अमेरिकेत लेक-मुलगा असलेले कितीतरी मराठी आईवडील अलास्का पाहतात ते क्रूझवरूनच. त्यांनी १८८६ चा एक कायदा ध्यानात ठेवावा! परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदर न करता, पुन्हा तिथेच सोडता येत नाही. बहुतेक क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीची. त्यामुळे सिएटलहून सुटणारी जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला टेकतात. काही क्रूझ तर सुटतातच व्हँकुव्हरहून. म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हातात असला तरी कॅनडाच्या व्हिसाची चौकशी आधीच करा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही पाहा.

रेल्वे? हो, तीही आहे. स्यूअर्ड बंदरापासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे ७५० किलोमीटर. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी नेनाना इथे सोन्याचा खिळा ठोकून ती पुरी झाल्याचं जाहीर केलं. या मार्गावर ‘हरिकेन टर्न’ नावाची एक गाडी धावते. तिला रूढ अर्थाने थांबे नाहीत. रुळांजवळ उभं राहून हात दाखवायचा, गाडी थांबते. रानात एकटी घरं बांधून राहणारे लोक पीठ, रॉकेल, कुत्री घेऊन चढतात-उतरतात.

अख्खं गाव एका इमारतीत

अँकरेजहून तासा-दीड तासावर व्हिटियर आहे. लोकवस्ती तीनशेच्या आत, आणि त्यातले जवळपास सगळे एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. लष्करासाठी बांधलेली ही इमारत आता गाव झाली आहे. शाळेत जायला जमिनीखालून बोगदा, त्यामुळे हिमवादळातही मुलांना स्वेटरवर भागतं. गावात शिरायलाही बोगदाच, चार किलोमीटरचा, एकपदरी. त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीने जातात, आणि रात्री तो बंद होतो. वेळापत्रक न पाहता निघालेल्यांना रात्र दारातच काढावी लागते.

टॉकीटना गावाने तर सुमारे वीस वर्षं एका मांजराला मानद महापौर मानलं! स्टब्स त्याचं नाव. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा बातमी जगभर छापून आली.

डेनाली दिसेल? तीनांत एकाला

उत्तर अमेरिकेचं सर्वोच्च शिखर, ६,१९० मीटर. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची त्याची चढण एव्हरेस्टच्या चढणीपेक्षाही मोठी आहे, कारण एव्हरेस्ट उंच पठारावर उभं आहे आणि हा डोंगर सखल रानातून एकदम वर उठतो. १९१३ मध्ये माथ्यावर पहिलं पाऊल ठेवलं ते वॉल्टर हार्पर या तरुणाने. त्याची आई इथल्याच आदिवासी समाजातली. कोयुकॉन लोक पिढ्यान्‌पिढ्या या शिखराला डेनाली म्हणत आले. सरकारदरबारी मात्र ते १९१७ पासून मॅकिन्ली, २०१५ मध्ये डेनाली आणि २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्ली झालं. भोवतालच्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव अजून डेनालीच आहे. मी डेनालीच म्हणणार. त्याच्या सावलीत राहणाऱ्यांनी दिलेलं नाव तेच खरं.

आता तो कोऱ्या दिवसांचा हिशेब. उन्हाळ्यात हे शिखर बहुतेक वेळ ढगांत असतं. येणाऱ्या दर तीन पर्यटकांपैकी साधारण एकालाच ते दिसतं. ‘सोमवारी डेनाली, मंगळवारी दुसरं’ असा कार्यक्रम आखलात तर सोमवारी ढग बघाल. तीन दिवस हाताशी ठेवलेत तर संधी खूपच वाढते. एखाद्या रात्री अकरा वाजता ढग फाटतात आणि अख्खा डोंगर गुलाबी होऊन समोर येतो. रात्री अकराला ऊन कसं, ते पुढे सांगतो.

उद्यानात एकच मुख्य रस्ता, १४८ किलोमीटरचा. आपली गाडी त्यातल्या पहिल्या २४ किलोमीटरांपर्यंतच नेता येते, पुढे उद्यानाच्या बसने. त्यातही ऑगस्ट २०२१ मध्ये एका कड्याची जमीन इतक्या वेगाने घसरू लागली की साधारण ६९ व्या किलोमीटरवर रस्ता बंद करावा लागला. खालची कायम गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, वितळत होती. तिथे पूल बांधायचं काम काढलं आहे. बस कुठवर जाते हे तिकीट काढण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर नक्की पाहा. बस अर्धीच जाते म्हणून हिरमुसू मात्र नका. मूस, कॅरिबू, डाल मेंढ्या, लांडगा आणि ग्रिझली अस्वल या पाचांपैकी तीन-चार दिसायला तेवढा रस्ताही पुरतो.

इथे सरकारी नोकरीतले कुत्रेही आहेत. १९२२ पासून उद्यानाचे वनरक्षक हिवाळ्यात कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालतात. उन्हाळ्यात या कुत्र्यांना भेटता येतं, कानामागे खाजवता येतं, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

घटसर्पाचं औषध आणि दीडशे कुत्रे

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर ही गोष्ट पुरी ऐका. जानेवारी १९२५. नोम या बर्फात अडकलेल्या गावात घटसर्पाची साथ आली. औषध जवळ नव्हतं, समुद्र गोठलेला, आणि त्या थंडीत विमान पाठवणं धोक्याचं. आगगाडीने औषध नेनानापर्यंत आणलं. तिथून पुढे १,०८५ किलोमीटर, आणि वाहन एकच, स्लेज. वीस स्लेजचालक आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हातोहात ती पेटी पुढे नेली. एरवी टपाल पोहोचायला तीन आठवड्यांहून अधिक लागत. औषध साडेपाच दिवसांत पोहोचलं! शेवटचा टप्पा धावलेल्या संघाचा म्होरक्या होता बाल्टो. त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा मात्र टोगो नावाच्या बारा वर्षांच्या कुत्र्याने ओढला होता, गोठलेल्या समुद्रावरून. न्यूयॉर्कला गेलात तर बाल्टोसमोर उभं राहून टोगोचंही नाव घ्या.

१९७३ पासून अँकरेज ते नोम अशी इडिटारोड स्लेज-शर्यत होते, सुमारे १,६०० किलोमीटरची, दर मार्चमध्ये.

मध्यरात्री बेसबॉल

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अँकरेजला दिवस एकोणीस तासांचा, फेअरबँक्सला जवळजवळ बावीस तासांचा. उरलेल्या वेळातही खरा अंधार होत नाही. फेअरबँक्समध्ये १९०६ पासून सर्वांत मोठ्या दिवशी बेसबॉलचा सामना खेळतात. सुरुवात रात्री दहाच्या सुमारास, मध्यरात्र उलटली तरी खेळ चालू, आणि मैदानावर एकही दिवा लावत नाहीत. अगदी उत्तरेच्या टोकाला, उत्कियाग्विक गावात, मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळतच नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळतो तो थेट जानेवारीच्या अखेरीस उगवतो.

भाज्यांना हा उजेड फार मानवतो. पामर गावात ऑगस्टच्या अखेरीस राज्याची जत्रा भरते. २०१२ मध्ये तिथे एका कोबीचं वजन भरलं ६२.७१ किलो, आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली.

सूर्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जून-जुलैत जाऊन ‘नॉर्दर्न लाइट्स’ बघू म्हणणाऱ्यांनो, आकाश काळं झाल्याशिवाय ते दिसत नाहीत! फेअरबँक्सकडचा त्यांचा हंगाम २१ ऑगस्ट ते २१ एप्रिल. निदान तीन रात्री तिथे काढा. उन्हाळी सहल आणि हे दिवे, दोन्ही हवं असेल तर ऑगस्टची अखेर गाठा. दिवसा टुंड्रा लालभडक, ब्लूबेरी पिकलेल्या, डास ओसरलेले, आणि रात्री नशीब असेल तर आकाशात हिरवी झालर. मला विचाराल तर अलास्काचे सर्वांत सुंदर पंधरा दिवस तेच.

थंडीचं काय? राज्याचा नीचांक आहे उणे ६२ अंश सेल्सिअस, २३ जानेवारी १९७१, प्रॉस्पेक्ट क्रीक. उच्चांक आहे ३७.८, फोर्ट यूकॉन, जून १९१५. शंभर अंशांचा पल्ला! तुम्ही जाणार उन्हाळ्यात, तेव्हा थर घालून जा आणि थर काढत फिरा. किनाऱ्यावर मात्र पाऊस गृहीत धरा. केचिकनला वर्षभरात मुंबईच्या दीडपटीहून जास्त पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत आटपत नाही, बाराही महिने चालतो.

लठ्ठ अस्वलांची निवडणूक

कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधबा आहे. जुलैत सॅल्मन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत वर चढतात, आणि धबधब्याच्या काठावर अस्वलं तोंड उघडून उभी असतात. हिवाळ्याच्या झोपेत अस्वलाचं वजन तिसऱ्या हिश्श्याने उतरतं, म्हणून आधी खाऊन घ्यावं लागतं. २०१४ पासून उद्यानाने याची निवडणूकच सुरू केली. कोणतं अस्वल सर्वांत छान लठ्ठ झालं, यासाठी जगभरचे लोक ऑनलाइन मतदान करतात. म्हातारं, दात झिजलेलं ‘ओटिस’ चार वेळा जिंकलं. २०२३ आणि २०२४ मध्ये जिंकली ‘ग्रेझर’ ही मादी, पिल्लांसाठी भल्याभल्या नरांवर धावून जाणारी. तुम्हालाही घरबसल्या मत देता येतं. एकदा या अस्वलांची नावं पाठ झाली की सहलीची ओढ दसपटीने वाढते.

ब्रुक्सला पोहोचलात की सामान ठेवण्याआधी ‘अस्वलांची शाळा’ करावी लागते. वनरक्षक नियम समजावतात, मगच पुढे सोडतात. तंबूच्या जागेभोवती विजेचं कुंपण आहे, आणि तिथलं आरक्षण जानेवारीत खुलं होतं न होतं तोच संपतं.

सॅल्मनच्या पाच जाती अलास्कातली पोरं बोटांवर शिकतात. अंगठा चम, तर्जनी सॉकआय, सर्वांत लांब मधलं बोट म्हणजे राजा, किंग. अनामिकेवर अंगठी, म्हणून सिल्व्हर. करंगळी म्हणजे पिंक. हे मासे जन्मलेल्या ओढ्याचा वास लक्षात ठेवून समुद्रातून परत येतात, अंडी घालतात आणि मरतात. अस्वलांनी रानात ओढून नेलेल्या माशांचं खत होतं, आणि त्यावर किनाऱ्याची झाडं पोसतात. म्हणजे त्या जंगलात समुद्र मुरलेला असतो!

लहान जीव तर याहून अजब. इथला रानबेडूक हिवाळ्यात पाचोळ्याखाली खरोखर गोठतो. हृदय बंद, श्वास बंद, अंगातल्या पाण्याचा मोठा भाग बर्फ. पेशी फुटू नयेत म्हणून यकृत रक्तात साखर ओततं. फेअरबँक्सजवळ अभ्यासलेले बेडूक उणे अठरा अंशांतही तगले आणि सहा-सात महिन्यांनी वितळून टुणकन निघून गेले. आणि गॉडविट पक्षी? २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीचं पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून उडालं ते अकरा दिवसांनी टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, मध्ये ना पाणी, ना दाणा, ना विसावा. याच जातीचे पक्षी आपल्या कोकण किनाऱ्यावरही हिवाळ्यात येतात, फक्त त्यांची वाट वेगळी. पुढच्या खेपेला ओहोटीच्या चिखलात चोच खुपसणारा लांब चोचीचा पक्षी दिसला तर जरा थांबून बघा.

अस्वल आलं तर पळू नका, मूस आलं तर पळा

हा नियम पाठच करा. ग्रिझलीपुढे पळालात तर तुम्ही त्याच्या लेखी भक्ष्य ठरता. शांत आवाजात बोलत, हळूहळू मागे सरा. मूस अंगावर आलं तर मात्र जोरात पळा आणि झाडाआड व्हा. ते फार लांब पाठलाग करत नाही. डेनालीत अस्वलापासून २७५ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. चांगला फोटो हवा असेल तर लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने घ्या, जवळ जाऊ नका.

बेअर स्प्रे, म्हणजे तिखटाचा फवारा, तिथे पोहोचल्यावरच विकत घ्या. प्रवासी विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. भाजणी, मेतकूट, चटण्या जरूर न्या, शाकाहाऱ्यांची छोट्या गावांत सोय होईल. पण रानात मुक्काम असेल तर वासाची प्रत्येक वस्तू अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवायची, आणि त्यात टूथपेस्ट व सनस्क्रीनही आले. डेनालीत असे डबे उद्यानाकडून मोफत वापरायला मिळतात. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल बहुतेक वेळा शेवटी गोळीला बळी पडतं. तुमच्या तंबूतलं उघडं पाकीट त्याच्या जिवावर बेतू शकतं.

डासांच्या पस्तीस जाती आहेत. जूनच्या मध्यापासून जुलैअखेर त्यांचं राज्य. कॅरिबूसुद्धा त्यांना कंटाळून वाऱ्यावर नाहीतर बर्फाच्या तुकड्यावर जाऊन उभे राहतात. डोक्यावरून ओढायची जाळी घ्या, चार पैशांची वस्तू सहल वाचवते.

सामान फार झालं असं वाटतंय? १८९७-९८ मध्ये सोन्यामागे धावत स्कॅगवेजवळ उतरलेल्यांची यादी वाचा. चिलकूट खिंडीच्या माथ्यावर, कॅनडाच्या हद्दीवर पोलीस उभे असत. वर्षभराचा शिधा आणि साहित्य, एकूण सुमारे एक टन, दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. नुसतं पीठच शे-पावणेदोनशे किलो! पाठीवर जेवढं मावेल तेवढं घेऊन बर्फात कोरलेल्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. तीस-चाळीस खेपा. नियम कडक होता, पण त्यामुळे उपासमारीने मरणारे पुष्कळ वाचले.

एका बसची गोष्ट

१९९२ मध्ये ख्रिस मॅककँडलेस हा तरुण डेनालीच्या उत्तरेकडच्या रानात, एका सोडून दिलेल्या बसमध्ये एकटा राहिला आणि तिथेच उपाशी वारला. ‘इन्टू द वाइल्ड’ हे पुस्तक आणि पुढे चित्रपट आला, आणि ती बस तीर्थस्थान झाली. जगभरची मुलं तिथे निघू लागली. वाटेत टेक्लानिका नदी आडवी येते. सकाळी गुडघाभर असलेलं तिचं पाणी पाऊस पडला आणि वरचा बर्फ वितळला की छातीपर्यंत चढतं. कित्येकांना हेलिकॉप्टरने सोडवावं लागलं, दोघी जणी बुडाल्या. अखेर जून २०२० मध्ये लष्करी हेलिकॉप्टरने ती बसच उचलली. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयाकडे आहे, आणि चित्रपटासाठी केलेली तिची प्रतिकृती हीली गावात, अगदी रस्त्यालगत आहे. तिथे फोटो काढा. त्या मुलाची ओढ समजून घेण्यासाठी नदीत उतरावं लागत नाही.

तसाच मान डाल्टन हायवेला द्या. ६६६ किलोमीटर, बराचसा खडीचा, आर्क्टिक महासागराजवळ पोहोचणारा. कोल्डफूटनंतर ३८६ किलोमीटर ना पेट्रोल, ना दुकान, ना फोनला रेंज. भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या करारात या रस्त्यावर जायला मनाई असते, सही करण्यापूर्वी वाचा. शेजारून १९७७ मध्ये पुरी झालेली १,२८७ किलोमीटरची तेलवाहिनी जाते. तेल गरम असतं, आणि जमिनीत पुरली तर खालचा बर्फ वितळून वाहिनी खचेल, म्हणून तिचा निम्म्याहून जास्त भाग खांबांवर तोललेला आहे. ती बघायला इतकं दूर जायची गरज नाही, फेअरबँक्सच्या वेशीवरच फॉक्सजवळ हात लावण्याइतकी जवळ दिसते.

बर्फ पाहायचाय? पाट्या वाचत चला

स्यूअर्डजवळच्या एक्झिट ग्लेशियरच्या वाटेवर साल लिहिलेल्या पाट्या लावल्या आहेत. त्या साली हिमनदीचं टोक तिथे होतं. जुन्या सालापासून नव्याकडे चालत जायचं. सुरुवातीला मजा वाटते, नंतर दोन पाट्यांमधलं अंतर मोजताना घशाशी काहीतरी येतं. मुलांना घेऊन इथे जाच. वर्गातल्या दहा तासांनी जे समजत नाही ते या वाटेवर समजतं. ग्लेशियर बे तर १७९४ मध्ये उपसागर म्हणून जवळपास नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज त्याच जागेवरून जहाजं शंभर किलोमीटर आत जातात. यातली मोठी माघार एकोणिसाव्या शतकातलीच आहे. हबर्ड ग्लेशियर मात्र अजून पुढे सरकतो आहे, म्हणजे प्रत्येक हिमनदीची तऱ्हा निराळी. बर्फ निळा का? दाबाने घट्ट झालेला बर्फ लाल उजेड शोषतो, निळा आपल्यापर्यंत येतो. आणि किनाऱ्यालगतच्या बर्फात चक्क किडे राहतात, बारीक काळे, थोड्या उबेनेही मरणारे.

ही जमीन हलतेही. २७ मार्च १९६४ चा भूकंप ९.२ तीव्रतेचा, आजवर मोजलेल्यांत जगात दुसरा. १९५८ मध्ये लिटुया उपसागरात कडा कोसळला आणि समोरच्या डोंगरावर पाणी ५२४ मीटर उंच चढलं. झाडं मुळासकट गेली, तो पट्टा विमानातून आजही वेगळा ओळखू येतो.

शेवटी, घड्याळ

हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मे आणि सप्टेंबर स्वस्त, जुलै सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचा. अँकरेज ते स्यूअर्ड दोनशे किलोमीटर, अँकरेज ते डेनाली ३८०. एवढ्या दोन टोकांतच दहा दिवस कसे जातील कळणार नाही. उन्हाळ्यात अँकरेज भारताच्या साडेतेरा तास मागे असतं. तिथे रात्री दहाला, लख्ख उन्हात उभं राहून घरी फोन लावलात तर इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा झालेले असतात. व्हिडिओ कॉलच करा, नाहीतर ‘रात्र झालीय इथे’ यावर घरच्यांचा विश्वास बसायचा नाही.